चार-पाच खिळे

दत्तोपंतांनी उभ्या आयुष्यात कोणावर हात उगारला नव्हता. देवासच्या दफ्तरात बसून बत्तीस वर्षं त्यांनी जमिनींचे कागद नकलले, आणि घरात भोपळा फोडायचा झाला तरी तो त्यांची बायकोच फोडी. पण तलवारींचं वेड म्हणाल तर एखाद्या शिलेदारालाही नसेल एवढं. माळव्यात तेव्हा हत्यारांना कोणी विचारत नव्हतं. लढाया संपल्या होत्या, पागा मोडल्या होत्या, आणि ज्यांच्या आज्यांनी मुलूख मारले ते तलवारीच्या पात्याचा विळा करून घेत होते. पंत अशा घरांच्या पायऱ्या झिजवत. धोप, तेगे, पट्टे, कट्यारी, बिचवे, जे हाती लागेल ते उचलून आणत. पुढच्या दोन खोल्या त्यांनी हत्यारांनी भरल्या होत्या आणि बायकोला पापड वाळत घालायलासुद्धा जागा ठेवली नव्हती.

त्यांचं सगळं बघणं मात्र पात्याकडे. तलवार हाती आली की ती आधी उजेडात धरायची, नखानं टिचकी मारून नाद ऐकायचा, मग पात्यावर श्वास सोडून ती वाफ कशी विरते ते बघायचं. मुठीला ते अंगरखा म्हणत. माणूस पारखायचा तर अंगरखा उतरवून पारखावा, असं त्यांचं एक वाक्य होतं. ते वाक्य ते इतक्यांदा म्हणत की घरच्या मोलकरणीलाही पाठ झालं होतं.

एकोणीसशे सातच्या नवरात्रात पंत नेहमीप्रमाणे धारला अक्काकडे गेले. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिला भेटायला जातो असं ते म्हणत, पण अक्काला पक्कं ठाऊक होतं की हा खंडेनवमीसाठी येतो. त्या दिवशी मराठ्यांच्या घरोघर हत्यारं पाटावर मांडलेली असत, आणि पंतांना ती फुकटात बघायला मिळत.

"शेजारी भवानीबाईंकडे जाऊन ये हवं तर," अक्का म्हणाली. "त्यांच्याकडे एक खांडा आहे. पण तिथं जीभ सांभाळ. त्या बाईचं सध्या अवघड चाललंय."

अवघड काय ते अक्कानं जेवता जेवता सांगितलं. भवानीबाईंचे यजमान सुभानराव सहा वर्षांमागं वारले होते. त्यांच्या घराण्याचा कुळाचार जगावेगळा. नवरदेव लग्नाला म्हणून जातच नसे. त्याच्या नावानं देवघरातला खांडा जाई. अंतरपाटाच्या पलीकडे पाटावर तो खांडा उभा करायचा, मुलीनं त्यालाच माळ घालायची, शेल्याची गाठ त्याच्या मुठीला बांधायची आणि तो धरणाऱ्याच्या मागून सप्तपदी चालायची. भवानीबाई कन्नौदकडच्या. त्या अशाच या घरात आल्या.

आता यात मेख अशी की काही बड्या घरांतून ठेवलेली बाई आणायची झाली तरी अशीच एखादी तलवार नोकराबरोबर धाडत. त्यामुळं खांड्याची बायको म्हटलं की ऐकणारा आपल्या मनाप्रमाणं अर्थ घेई. सुभानराव होते तोवर कोणाची बोलायची छाती नव्हती. ते गेले आणि भाऊबंदांना कंठ फुटला. ही लग्नाची नव्हेच, हिची मुलगी लेकावळी, ठेवलेलीच्या पोटची, असं ते चारचौघांत बोलू लागले. लग्न ज्यांनी पाहिलं ते माहेरचे लोक कोणी पटकीत, कोणी संवत छप्पन्नच्या दुष्काळात गेले होते. लग्न लावणारे भटजी आणि खांडा घेऊन गेलेला माणूसही गेले होते. मुलगी सीता चौदा पुरी झाली होती, आणि आलेलं प्रत्येक स्थळ आईचं लग्न झालं होतं का या प्रश्नाशी येऊन परतत होतं.

"आता एकच उरलंय," अक्का म्हणाली. "तुमच्या देवासचे मानाजीबाबा. म्हातारे शिलेदार. नातवासाठी विचारलंय त्यांनी. ते लहानपणी याच घराच्या पागेत वाढले, सुभानरावांबरोबर खेळले. त्यांनी निरोप धाडलाय की लोकांचं मला ऐकायचं नाही, तुळशीचं लग्न झालं की मी येईन, खांडा हातात घेईन आणि मग हो की नाही ते सांगेन."

पंतांनी मान डोलावली खरी, पण त्यांचं लक्ष खांडा या शब्दापाशीच अडकलं होतं. हे पुढं त्यांनी स्वतःच कबूल केलं.

भवानीबाईंच्या ओटीवर पाटावर ती तलवार ठेवली होती. सीतेनं नुकतीच पूजा केली होती. मुठीवर हळदकुंकवाचा थर बोटभर. एवढ्या वर्षांचं कुंकू, तेल, भंडारा साचून ती काळपट लाल झाली होती आणि तिचं मूळ रूप कोणालाच दिसत नव्हतं. पंतांनी परवानगी घेऊन म्यानातून पातं ओढलं आणि नखानं टिचकी मारली. अस्सल जुनं पोलाद होतं. उजेडात फिरवलं की वाळूत पाणी ओसरून जावं तशा बारीक रेषा त्याच्या अंगावर दिसत. लोक त्याला जौहर म्हणतात. असं पातं पंतांनी आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच्या घरी.

पण मूठ धरून हलवली की पातं खुळखुळत होतं. मुठीत भरलेली लाख जुनी होऊन तिचा भुगा झाला होता.

भवानीबाई दाराच्या आडून बोलत होत्या. "हलतंय ते मलाही ठाऊक आहे, पंत. मानाजीबाबा हातात घेतील तेव्हा बरं दिसायचं नाही. अक्का म्हणतात तुमच्या ओळखीचा चांगला शिकलगार आहे. तेवढं घट्ट करून आणा. दुसरं काही करू नका."

"काळजीच नको," पंत म्हणाले. "तुळशीच्या लग्नाच्या आत आणून देतो."

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. दत्तोपंत लबाड माणूस नव्हते, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे. लबाड असते तर ही गोष्ट एवढी जिवाला लागली नसती. पातं बदलून दुसरं बसवलं असतं तर कोणाला कळलं नसतं, आणि तसा विचारही त्यांच्या मनाला शिवला नाही.

देवासला आल्यावर त्यांनी तलवार शिकलगाराकडं लगेच दिली नाही. आठ दिवस ती घरी ठेवली. दफ्तरातून आले की पगडी खुंटीला लावायची आणि पातं घेऊन ओसरीवर बसायचं. बायकोनं दोनदा चहा गार झाल्याचं सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायचं सोडून दिलं. बघता बघता पंतांच्या मनात आलं, एवढं देखणं पातं आणि त्याला ही असली मळकट लोखंडी मूठ. त्यात ही तलवार व्याह्यांना दाखवायची. ज्या वस्तूवर मुलीचं लग्न ठरायचं ती वस्तू चार माणसांत मान ताठ करून मिरवता यायला नको का?

पंतांकडं एक मूठ होती, बुंदीची, लोखंडात चांदीची वेल कोरून बसवलेली. एका मोडक्या तलवारीची ती त्यांनी जपून ठेवली होती. त्यांच्या सगळ्या संग्रहात त्यांना मुठींपैकी आवडलेली एवढी एकच. ती भवानीबाईंच्या पात्याला द्यायची असं त्यांनी ठरवलं. ठरवल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, एवढी त्यांना ती प्रिय होती. आपण कोणासाठी तरी काही सोडतो आहोत या भावनेनं त्यांना फार बरं वाटलं. माणूस स्वतःवर खूश झाला की त्याला दुसऱ्याचं बोलणं आठवत नाही. दुसरं काही करू नका, हे बाईंचं वाक्य त्यांना आठवलं नाही.

शालिग्राम शिकलगाराचं दुकान माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी. बाप-आज्यापासून तोच धंदा, पण आता तलवारींपेक्षा त्याच्याकडं खुरपी आणि कुऱ्हाडीच जास्त. पंतांनी दोन्ही मुठी त्याच्यापुढं ठेवल्या आणि बेत सांगितला.

शालिग्रामनं जुनी मूठ उलटसुलट केली. "लाख नवी भरली की झालं, पंतजी. एक दिन का काम. ही बदलायची कशाला? बाईसाब से पूछ लिया?"

"पात्याला विचारलं," पंत म्हणाले, आणि आपल्या बोलण्यावर आपणच हसले.

शालिग्रामनं पात्याला ओलं फडकं गुंडाळलं, म्हणजे आच वर चढून पोलादाला दिलेल्या पाण्याला धक्का लागू नये, आणि मूठ निखाऱ्यावर धरली. लाख वितळून काळी गळली. मूठ सुटली. पंतांनी पातं ताब्यात घेतलं आणि चुन्याच्या निवळीनं, मग तेलानं ते पुसायला बसले. शालिग्राम जुनी मूठ घासत होता. कुंकवाचे थर निघाले.

"पंतजी, ये देखो. चांदीचे खिळे आहेत हिच्यात. शोभेचे नाही वाटत. एक इथं, एक तिथं. कँई निशाणी होगी."

त्यानं ते चिमट्यानं उपटून काढले आणि तळहातावर घेऊन पंतांपुढं धरले. पंतांनी पाहिलं. म्हणजे डोळे तिकडं वळवले. बोटं पात्यावर होती, मन बोटांत होतं.

"असू देत तुला," ते म्हणाले. "नातीला वाळे कर."

चांदी नातीच्या वाळ्यांत गेली. मुठीचं लोखंड भट्टीत गेलं, त्याची दोन खुरपी आणि एक उलथनं झालं, आणि ते टोंकखुर्दच्या हाटात कोणा कुणब्यानं नेलं. हे सगळं पंतांना पुढं कळलं. त्या दिवशी ते चांदीच्या वेलीवरून अंगठा फिरवत घरी आले आणि दोन घास जास्त जेवले.

म्यानाला नवी लाल मखमल चढवायची राहिली होती. त्यात दिवस गेले. तुळशीचं लग्न उरकून गेलं. अक्काचं कार्ड आलं की मानाजीबाबा अमुक दिवशी येतायत, तू आहेस कुठं. पंत इंदूरवरून टांगा बदलत बदलत धारला पोचले तेव्हा पाहुणे भवानीबाईंच्या ओटीवर येऊन बसले होते. गूळपाणी झालं होतं. पंत शेल्यात गुंडाळलेली तलवार दोन्ही हातांवर घेऊन पायऱ्या चढले. उशीर झाल्याची लाज त्यांना वाटली नाही. वस्तूच अशी आणली होती की उशीर माफ व्हावा.

मानाजीबाबा तक्क्याला टेकून बसले होते. उंच, वाळलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शेजारी त्यांचे चिरंजीव भैयासाहेब. आतल्या दाराला पडदा, आणि पडद्यामागं भवानीबाई. सीतेनं तलवार पंतांच्या हातून घेतली, शेला उलगडला आणि पाटावर ठेवली. उलगडताना तिचा हात एकदा थबकला. एवढ्या माणसांत चौदा वर्षांची मुलगी काय बोलणार?

भैयासाहेबांनी पाहिलं आणि ते खूश झाले. "वा, काय काम आहे," ते म्हणाले. "बाबा, चांदीची वेल आहे मुठीला."

"चांदीची वेल?" म्हातारा म्हणाला आणि त्यानं हात पुढं केला.

त्यांनी म्यान बाजूला सारलं. पात्याला हातही लावला नाही. मूठ तळव्यात घेतली आणि अंगठा आतल्या अंगानं खालून वर नेला. परत खाली आणला. दुसऱ्या अंगानं नेला. बराच वेळ तो अंगठा त्या गुळगुळीत चांदीवर काहीतरी शोधत फिरत होता. मग त्यांनी तलवार अलगद पाटावर ठेवली.

"ही ती नव्हे."

पंत पुढं झाले. तलवार तीच आहे, फक्त मूठ मी बदलली, असं त्यांनी सांगितलं. आधी थोडं अभिमानानं सुरुवात केली आणि वाक्य संपेपर्यंत त्यांचा आवाज बसला, कारण ओटीवरचा एकही चेहरा त्यांना हवा तसा दिसत नव्हता. पात्याची लांबी त्यांनी बोटांत सांगितली. जौहर सांगितला. पाठीला मुठीपासून वीतभर अंतरावर तिळाएवढा डाग आहे तो सांगितला.

मानाजीबाबांनी ते सगळं ऐकून घेतलं. "पातं कोणी पाहिलं होतं, पंत?" ते म्हणाले. "लग्नात खांडा म्यानातच असतो. गाठ बांधतात ती मुठीला. या घरात खांड्यानं सून आणली की तिसऱ्या दिवशी सोनार बोलावून मुठीत चांदीचा एक खिळा मारायचे. एका लग्नाच्या सुनेला एक खिळा. ठेवलेलीला नाही. मी आणि सुभान लहानपणी खंडेनवमीला ते मोजायचो. म्हणून म्हटलं होतं, मला कोणाची साक्ष नको, खांडा हातात द्या."

पंतांच्या कानांत शालिग्रामचा आवाज आला, कँई निशाणी होगी.

"पण तुम्ही ते पाहिले असतील," म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात अजून आशा होती, आणि पंतांना पुढं आयुष्यभर टोचली ती हीच आशा. त्या माणसाला हो म्हणायचं होतं. "मूठ उतरवताना कुंकू निघालंच असेल. महिनाभर वस्तू तुमच्याकडं होती. तुम्ही दफ्तरातले, या घराशी तुमचं देणं ना घेणं. तुमचा शब्द मी माझ्या भाऊबंदांपुढं ठेवीन आणि तो चालेल. बाईंच्या आधी किती होते ते मला ठाऊक आहे. ते मी बोलत नाही. तुम्ही सांगा, खिळे किती होते?"

आणि दत्तोपंतांनी खरं तेच सांगितलं. आपण सगळे सांगतो तसं सांगितलं.

"चार-पाच होते," ते म्हणाले.

पडदा जरासा हलत होता तो थांबला.

"चार," मानाजीबाबांनी सावकाश विचारलं, "की पाच?"

त्या विचारण्यावरून पंतांना कळलं. आपल्या बोलण्यात चार-पाच हा काही आकडा नसतो. पावसाला चार-पाच दिवस आहेत, चार-पाच माणसं जेवायला येतील, असं आपण दिवसातून दहादा बोलतो, आणि चार काय नि पाच काय, कोणाचं काही बिघडत नाही. इथं चार आणि पाच यांच्या मध्ये एक बाई उभी होती. चार असतील तर ती ठेवलेली. पाच असतील तर ती सून, आणि तिची मुलगी कुळाची.

"पाच," पंत घाईनं म्हणाले. "पाचच होते."

भैयासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी अगदी हळू विचारलं, "पाच ठाऊक होते, तर मग चार कुठून आले, पंत?"

पंतांनी डोळे मिटले आणि शालिग्रामचा तळहात आठवून पाहिला. तळहात आठवला, त्यावरची काजळी आठवली, त्यात काहीतरी चकाकत होतं तेही आठवलं. किती, ते येईना. पात्यावरचा तिळाएवढा डाग मात्र मिटल्या डोळ्यांपुढं स्वच्छ दिसत होता.

मानाजीबाबांनी आठ दिवसांची मुदत दिली. शिकलगारानं खिळे उपटले आहेत, त्याला माहीत असेल, त्याला घेऊन माझ्याकडं देवासला या, म्हणाले. घरी आल्यावर अक्कानं तोंड सोडलं. ती काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं काही खोटंही नव्हतं.

शालिग्रामला पंतांनी दुकानाच्या दारातच गाठलं. तो बराच वेळ डोकं खाजवत बसला. "तोलले होते, पंतजी," तो म्हणाला. "वाळ्यांना पुरतील का ते बघायचं होतं. मोजले नाही." मग पंतांचा चेहरा पाहून त्यानंच विचारलं, "तुम्ही म्हणाल तर पाच सांगतो. माझ्या जिभेला काय?"

पंत नाही म्हणाले नाहीत. कागदात एक काना इकडचा तिकडं होऊ न देणारा तो माणूस एका खोट्या साक्षीदाराला पुढं घालून मानाजीबाबांच्या घरी गेला. वाटेत त्यानं शालिग्रामकडून दोनदा पाठ करून घेतलं. खोटं बोलून आपण खरंच बोलणार आहोत, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. आणि भवानीबाईंच्या बाबतीत ते खरंच होतं, याबद्दल त्याला तेव्हाही शंका नव्हती आणि नंतरही कधी आली नाही.

मानाजीबाबांनी आदळआपट केली नाही. फक्त एका ताटलीत बेलाचं पान आणि भंडारा मागवला आणि शालिग्रामपुढं ठेवला. "उचल आणि सांग."

शालिग्रामनं ताटलीकडं पाहिलं, पंतांकडं पाहिलं. "तोलले, मालक," तो शेवटी म्हणाला. "मोजले नाही."

म्हाताऱ्यानं ताटली बाजूला सारली. त्याचे पांढरे पडलेले डोळे ओले झाले होते आणि त्यानं ते लपवले नाहीत. "चार तर सुभानच्या आईपर्यंतचेच होते," तो म्हणाला. "पाचव्याची जागा तो मला बोटानं दाखवायचा. इथं माझ्या बायकोचा मारायचा, म्हणायचा. भवानीबाईंना सांगा, माझं मन सांगतं की त्या खऱ्या आहेत. पण उद्या माझे भाऊबंद विचारतील तेव्हा मनातलं सांगून माझ्या नातवाच्या पंगतीला कोणी बसणार नाही." माघात नातवाचं लग्न दुसरीकडं झालं.

हा निरोप पंतांनी स्वतः जाऊन सांगायला हवा होता. त्यांनी अक्काला पत्र लिहिलं. पत्राला उत्तर म्हणून आठवड्याभरात अक्काकडचा माणूस ती तलवार घेऊन आला, लाल मखमलीच्या म्यानात, जशी नेली होती तशी. त्यानं निरोप सांगितला, बाई म्हणतात मूठ पंतांची आहे आणि पातं त्यांना आवडलं होतं, दोन्ही त्यांच्याकडंच असू दे, मला आणायला जी आली होती ती ही नव्हे. पंतांनी ती घेतली. दुसरं काय करणार? भिंतीवर जौहराच्या पात्याला साजेशी जागा एकच होती, समोरच्या खिडकीपाशी. तिथं त्यांनी ती लावली, आणि ओसरीवर बसायची जागा बदलून तिच्याकडं पाठ करून बसू लागले.

त्यानंतर त्यांना एक खोड लागली. कोणाकडंही गेले तरी ते आधी मुठी बघत. त्यांतल्या खुणा, खिळे, टोचे मोजत आणि वहीत टिपून ठेवत. लोकांना वाटलं, पंतांची विद्या वाढली.

वैशाखात सीतेला डही गावी दिली. नवरा चाळिशीचा, बिजवर, पहिलीची दोन मुलं. त्यानं मुलीच्या आईचं लग्न कसं झालं होतं ते विचारलं नाही. त्याला घरात हात हवे होते. अक्कानं लिहिलं की निघताना पोर रडली नाही, आणि ते वाचून पंतांनी त्या दिवशी जेवायचं ताट परत पाठवलं.

पुढच्या नवरात्रात ते धारला गेले. जावं की न जावं असं करत गेले. अक्काच्या घरून भवानीबाईंच्या पायऱ्या दिसत होत्या. ओटीवर पाट नव्हता, फुलं नव्हती. गावभर हत्यारांची पूजा चालली होती आणि त्या एका घरात खंडेनवमीच नव्हती. पंतांना घरात बसवेना. ते गेले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

भवानीबाई दारात आल्या. या वेळी त्या आड उभ्या राहिल्या नाहीत. ज्या बाईचं लग्नच झालं नाही असं गावानं ठरवलं, तिनं पडदा तरी कोणासाठी पाळायचा?

"बाई, माझ्या हातून मोठा अपराध झाला," पंत म्हणाले. वर्षभर जुळवून ठेवलेलं बोलणं त्यापुढं त्यांना आठवलं नाही. "तुम्ही सांगितलं होतंत, दुसरं काही करू नका. मी ऐकलं नाही. तुमचं वाईट करायचं माझ्या मनात नव्हतं."

"ते ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर पंतांना सोसलं असतं. "तुम्ही चांगलंच करायला गेलात."

कालिकेच्या देवळाच्या बाजूनं ढोल ऐकू येत होता.

"तुमच्या घरी पुष्कळ हत्यारं आहेत म्हणे," बाईंनी विचारलं. "अक्का सांगतात. किती असतील?"

"त्रेचाळीस," पंत विचारल्याबरोबर म्हणाले. "तुमची धरून."

बाईंनी मान हलवली, पंतांना बसा म्हणाल्या नाहीत, आणि आत निघून गेल्या.